समोरचे तीन अंश

"ललीची माय, ओढ वो. हळू ओढ."

आवाज बापाचा. तीस हात खोल विहिरीतून आलेला. तो कधी सरळ वर यायचाच नाही. आधी या कडेला लागायचा, मग त्या कडेला, ओल्या दगडांना अंग घासत घासत काठावर पोचायचा, तोवर त्याला विहिरीचा गारवा चिकटलेला असायचा. सहा वर्षांची लली काठावर पालथी पडून कान लावायची. राहाटाशी उभी असलेली आई दोर ओढता ओढता स्वतःशीच गुणगुणायची:

खोल खोल विहिरीत धनी माझा खणी पाणी,
हाक त्याची वर येते दगडांच्या कानोकानी.

चाळीस वर्षं उलटली. बाप गेला, विहीर बुजली, लली डॉ. ललिता कापगते झाली. आणि तो आवाज तिला आता नेमका अशा जागी आठवायचा, जिथं हाकेला टेकायला एकही दगड नव्हता. नागपूरच्या बंदिस्त-जागा संदेशवहन प्रयोगशाळेतली ती निःशब्द खोली. सहाही बाजूंना काळ्या फेसाचे हातभर लांब सुळके. भिंतीकडे गेलेली लहर त्यांच्यात शिरली की परत येत नाही. तिथं बोललेला शब्द ओठांपासून वीतभर अंतरावर मरून पडल्यासारखा वाटतो.

त्या सोमवारी सकाळी खोलीत तिच्याबरोबर वैजयंती राजुरकर होत्या. बेलमेटा मॅंगनीज खाणीतल्या अपघाताची चौकशी त्यांच्याकडे होती. तीस वर्षं खाणींत काढलेली बाई. बुटांच्या शिवणीत काळी धूळ कायमची बसलेली. लहरींमधलं मला काही कळत नाही, पाचवीतल्या पोरीला सांगतात तसं सांगा, असं त्या खुर्चीत बसता बसताच म्हणाल्या.

मधोमध तिपाईवर खाणीत बसवलेल्या पट्टीची जुळी पट्टी होती. तीन हात लांब, चार बोटं रुंद, पितळी. अंगावर सारख्या अंतरानं एकशे तीस चिरा. कागदोपत्री तिचं नाव झिरपपट्टी. खाणीतल्या माणसांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव फणी ठेवलं, आणि तेच टिकलं.

ललिता सांगू लागली. रेडिओलहर पट्टीच्या एका टोकातून आत शिरते आणि पुढं जाता जाता प्रत्येक चिरेतून थोडी थोडी बाहेर झिरपते. एकशे तीस चिरांतून निघालेल्या त्या थेंबांची पावलं ज्या दिशेला जुळतात, त्या दिशेला एक झोत तयार होतो. पावलं कुठं जुळायची, हे वारंवारता ठरवते. ती जराशी वाढवली की झोत जरासा वळतो. पट्टी जागची हलत नाही. तिला मोटर नाही, चाक नाही. सेकंदाला शंभर वेळा वारंवारता खालून वर न्यायची, की झोत दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शंभर फेऱ्या मारतो. बोलताना जसा, तसाच ऐकताना.

"म्हणजे प्रत्येक दिशेला आपली आपली वारंवारता," राजुरकर म्हणाल्या.

"हो. आणि माणसाच्या हेल्मेटमधली बोलकी, म्हणजे बारीकसं संदेशयंत्र, एकाच वेळी सगळ्या वारंवारतांवर बोलते. ती कुठल्या वारंवारतेवर ऐकू आली, त्यावरून माणूस कुठल्या कोनात उभा आहे ते कळतं. अरुंद जागेत, धुरात, अंधारातसुद्धा."

"आणि कुठल्याच वारंवारतेवर ऐकू आली नाही, तर माणूस तिथं नाही."

राजुरकरांनी ते विचारलंही नव्हतं. दोन आणि दोन चार म्हणावं तसं म्हणाल्या. ललितानं मान हलवली. होकाराची की नुसतीच, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मग राजुरकरांनी घडलेलं पुन्हा एकदा मांडलं. बेलमेट्याच्या तिसऱ्या पातळीवर एक मोठं दालन. एका भिंतीवर फणी. समोरच्या भिंतीत, बारा मीटरवर, कोरलेला आसरा: छत करकरलं तर माणसांनी शिरायचं कोनाड्यासारखं भुयार. एका बाजूला जुनी गल्ली, वळण घेऊन आत गेलेली. अकरा वाजून सात मिनिटांनी जयपाल लांजेवारनं आसऱ्याच्या तोंडाशी उभं राहून मधल्या पाळीची हजेरी दिली. ती नोंदीत आहे. सोबत नरेश, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. ती हजेरी संपते न संपते तोच छत कोसळलं. धक्का बसला की बोलकी आपोआप चालू होते आणि बॅटरी मरेपर्यंत साद देत राहते. नरेशची चिरडली. जयपालची चाळीस मिनिटं चालू होती, हे तिच्याच पोटातली नोंद सांगते. पण फणीनं त्या चाळीस मिनिटांत काहीही ऐकलं नाही. वरच्या नियंत्रण खोलीतल्या श्रवणनकाशावर ते दालन हिरवंगार होतं. हिरवं म्हणजे यंत्र ऐकतंय आणि तिथं कोणी नाही. बचाव तुकडी उत्तरेच्या गल्लीत गेली, जिथून पाच जणांचे आवाज येत होते. ते पाचही वाचले. हे दालन उघडलं सहा तासांनी. नरेशचा पाय शिळेखाली होता. रक्त वाहून तो गेला होता. जयपाल त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

"तो जुन्या गल्लीत पळाला असणार, वळणामागं," राजुरकर म्हणाल्या. "बोलकी तिथं ओरडत राहिली. नंतर भीती ओसरली तेव्हा परत आला. मी त्याला नावं ठेवत नाही हो. पण पोरगं वाचलं असतं. शुक्रवारी सुनावणी आहे, तो जबाबावर सही करायला तयार झालाय."

ललितानं विचारलं, कसला जबाब.

"की मी जागा सोडली. आधी पंधरा दिवस एकच घोकत होता, म्या हाक मारली, म्या हाक मारली. आता म्हणतो, मशीन म्हणते तर तसंच असेल." राजुरकर उठता उठता थांबल्या. "बायको त्याच्यापुढं ताट ठेवते आणि पाठ फिरवते म्हणे. बोलत नाही. बोलेल तरी काय."

दार बंद झालं. ललिता त्या सुळक्यांच्या खोलीत एकटी उभी राहिली, आणि तिला आपल्याच श्वासाची लाज वाटली.

कारण तिला ठाऊक होतं.

दहा महिन्यांपूर्वी, याच तिपाईवर, याच पट्टीची तिनं मोजणी केली होती. पडद्यावरची रेघ डोंगरमाथ्यासारखी एका पातळीनं चालली होती, आणि मधोमध कुणी कुऱ्हाडीचा घाव घालावा तशी खाली कोसळली होती. नव्वद अंशांच्या आजूबाजूला. पट्टीच्या अगदी काटकोनात, अगदी समोर.

तिला त्यात नवल वाटलं नव्हतं. झोत बरोबर समोर आला की दोन चिरांमधलं अंतर आणि आतल्या लहरीची लांबी तंतोतंत सारखी होते. एरवी प्रत्येक चिरेवरून लहरीचा बारीकसा अंश मागं फिरतो आणि हे अंश एकमेकांच्या पायात पाय घालून विरून जातात. पण या एका ठिकाणी त्यांचीच पावलं जुळतात. एकशे तीस जण मिळून सगळी लहर आल्या दारी परत पाठवतात. आतलं बाहेर झिरपत नाही, बाहेरचं आत येत नाही. पट्टी समोरच्यालाच बहिरी होते. बहिरा कोन तीन अंशांचा. बारा मीटरवर माणसाच्या दोन खांद्यांएवढा.

उपायही ठाऊक होता. एकेक चीर काढायच्या ऐवजी जोड्या काढायच्या, म्हणजे जोडीतली एक दुसरीचा परतावा पुसून टाकते. पण नव्या साच्यांना आठ महिने लागले असते, आणि उद्घाटन तीन आठवड्यांवर होतं.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. खानझोडे यांनी रेघ पाहिली आणि चष्मा कपाळावर चढवला. या खड्ड्याचं काय करणार आहेस, असं त्यांनी विचारलं. तेव्हा ललितानं, आता आठवलं की अंगाला काटा येतो इतक्या ऐटीत, विहिरीची गोष्ट सांगितली होती. बंदिस्त जागेत हाक सरळ येतच नाही सर, भिंतींना लागत लागत येते. खाणीतल्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा फवारलेला आहे, गुळगुळीत. समोरचा माणूस बोलला की त्याची हाक डाव्या भिंतीवरून येईल, उजव्या भिंतीवरून येईल. दोन्हीकडून सारखी क्षीण हाक आली की माणूस मधोमध आहे असं धरायचं. मधले तीन अंश शेजाऱ्यांच्या सरासरीनं भरून काढायचे. तिनं त्याला नावही दिलं होतं: भरणगणित.

खानझोडे हसले होते. "विहिरीवाल्याची लेक आहेस खरी."

तरीही तिनं नकाशावर ते तीन अंश राखाडी ठेवले होते. राखाडी म्हणजे इथलं मला माहीत नाही. खानझोड्यांनी त्या पट्ट्यावर बोट ठेवलं. पाहुणे विचारतील हा मळकट डाग कसला, आणि तू उत्तर देत बसशील, असं ते म्हणाले. रागावून नव्हे, चहा घेता घेता. ललितानं एक ओळ बदलली. डाग हिरवा झाला. 'माहीत नाही' होतं तिथं 'कोणी नाही' आलं. एका ओळीचं काम होतं. चहाही निवला नव्हता.

आणि मग उद्घाटनाचा दिवस. बेलमेट्याची एक रीत होती. पाळी सुरू होताना प्रत्येक खाणकाऱ्यानं मेटच्या, म्हणजे पाळीच्या मुकादमाच्या, अगदी समोर उभं राहायचं, हेल्मेट हातात, नजरेला नजर, आणि आपलं नाव सांगायचं. तिरपं उभं राहून दिलेली हजेरी हजेरी नव्हे. फार मागं एकदा गर्दीतून कुणीतरी मित्राच्या नावाला ओ दिली होती, आणि तो मित्र खालीच राहिला होता; मोजणीत पुरा, म्हणून कुणी शोधलंच नाही. तेव्हापासून समोरून. फणी बसली तेव्हा गोमाजी मेटनं सगळ्यांना बजावलं की आता हीच आपली मेट, तिलाही हजेरी समोरूनच द्यायची. आणि पाहुण्यांच्या देखत त्यानं दोरी लावली, आसऱ्याच्या तोंडाशी मध्य काढला, आणि चुन्यानं एक वर्तुळ आखलं. पाय ठेवायची जागा.

"इथून बोललं तर चालन ना, बाई?" त्यानं ललिताला विचारलं होतं. साठीला टेकलेला माणूस, हाताला चुना, तोंडावर शाळेत बक्षीस मिळाल्यासारखा आनंद. "मापूनसन टाकलं. नाकासमोर."

नव्वद अंश. अर्धासुद्धा इकडे तिकडे नाही. ललिताच्या मनात आलं, दोन पावलं सरका म्हणावं. एवढंच तर म्हणायचं होतं. पण मग का, असं कुणीतरी विचारलं असतं. खानझोडे चार हातांवर उभे होते, पाहुण्यांच्या गळ्यात हार होते.

"कुठूनही बोला, मामा," ती म्हणाली होती. "चालतं."

गोमाजी वर्तुळात उभा राहिला, नाव सांगितलं, आणि वरून उत्तर आलं. भिंतींनी हाक पोचवली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीही वाजवत होती.

बुधवारी ती बेलमेट्याला गेली. जागेवर मोजणी करायची आहे, एवढंच तिनं राजुरकरांना कळवलं. गोमाजीच तिला खाली घेऊन गेला. खाली नेणाऱ्या पिंजऱ्यात जयपालचं नाव निघालं तेव्हा तो म्हणाला, पोरगा भित्रा नव्हता जी. पण माणसाचं काय सांगावं. गावात लोक त्याच्या पोरीला शाळेत जाताना विचारतात, तुझा बाप कुठं लपला होता. त्यानंतर पिंजरा थांबेपर्यंत तो आपल्या दिव्याची काच पुसत राहिला.

दालन ओळखू येत नव्हतं. शिळा बाजूला सारल्या होत्या, लाकडी खांब लावले होते. पण बाजूच्या दोन्ही भिंती ढासळल्या होत्या. गिलाव्याची सालं कधीच निघून गेलेली. उरला होता खडीचा आणि ओल्या भुकटीचा उतार, वर आलं-गेलं सगळं शोषून घेणारा. ललितानं हात लावला तर मूठभर भुगा ओघळला. तिनं दिवा फिरवला. खडबडीत, टोकदार, काळं. तिला आपली निःशब्द खोली आठवली, आणि ती जागच्या जागी थबकली.

फणी शाबूत होती. समोर आसऱ्याच्या तोंडाशी चुन्याचं वर्तुळ अजून होतं, अर्धवट पुसलेलं. ललितानं हेल्मेटमधली बोलकी चालू केली, वर्तुळात उभी राहिली आणि आपलं नाव घेतलं. पुन्हा घेतलं. हातातल्या तारेच्या फोनवर वरचा माणूस म्हणाला, काही ऐकू येत नाही. नकाशा हिरवा आहे.

तिनं डावीकडे एक पाऊल टाकलं.

"आता येतंय, मॅडम. खणखणीत."

परत वर्तुळात. काही नाही. उजवीकडे एक पाऊल. येतंय. पुढं, मागं, खाली वाकून, त्याच रेषेत: काही नाही. पाच वेळा केलं. पाचव्या वेळी तिच्या लक्षात आलं की गोमाजी तिच्या चेहऱ्याकडे पाहत नाहीय. तो तिच्या पायांकडे पाहतोय, चुन्याकडे.

विहिरीच्या गोष्टीत तिनं एकच धरलं नव्हतं. बापाची हाक वर यायची ती विहीर उभी होती म्हणून. तिनं यंत्र बांधलं होतं भिंती कोसळण्याच्या दिवसासाठी, आणि ते ऐकत होतं भिंती उभ्या असेपर्यंतच.

याहून वाईट जे होतं ते वर येताना, पिंजऱ्यात, हिशेब लावल्यासारखं एकेक पाऊल पुढं सरकत तिच्यापर्यंत आलं. तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी तिनं खानझोड्यांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले की बिचाऱ्यावर आळ नको, शुक्रवारी हे सांगायलाच हवं. बाकीच्या सोळा खाणींतल्या पट्ट्या उद्याच बंद करतो, ती जबाबदारी माझी. त्यांचा आवाज खरोखरच हलला होता.

"फक्त एक कर, ललिता. हे आपल्याला तपासात सापडलं म्हण. त्यात खोटं कुठंय? आजच तर मोजलंस."

ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही.

शुक्रवारी सकाळी खाण कामगारांच्या सभागृहात सुनावणी होती. पत्र्याचं छत, भिंतीला टेकवलेली कॅरमची फळी, पुढं एक टेबल. एका बाकावर पाळीतले लोक, दुसऱ्यावर बायका. बायकांत टोकाला भागरता, जयपालची बायको. पदर घट्ट लपेटलेला, नजर जमिनीवर. जयपाल टेबलाशी उभा होता. पस्तिशीतला, रुंद हाडाचा; पण शर्ट अंगावर दुसऱ्याचा असल्यासारखा लोंबत होता. राजुरकरांनी जबाब वाचून दाखवला आणि विचारलं, हे तुझ्या मनानं आहे ना.

"म्या हाक मारली असं मले वाटते, म्याडम," जयपाल सावकाश म्हणाला. "जागेवरच होतो असंही वाटते. पण आता रोज रोज आठवून पाहतो, तं खात्री नाही रायली. मशीन काहून खोटं बोलन? तिले ना कोणाचं घेणं ना देणं." त्यानं पेन उचललं. "कुठं करू सही?"

"थांबा," ललिता म्हणाली.

ती पुढं आली आणि सांगू लागली. बहिरा कोन, परतणारी लहर, गिलाव्याच्या भिंती, भुगा झालेल्या भिंती. वहीचं पान उभं धरून तिनं चिरा दाखवल्या. बाकांवरची माणसं खाणीची होती. हाक भिंतीला लागून येते हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ढासळलेल्या दालनात आवाज मरतो, हे त्यांनीच माना हलवून एकमेकांना सांगितलं.

"मान्य," राजुरकर म्हणाल्या. "वर्तुळातून ऐकू येत नाही. पण म्हणून तो वर्तुळात होता असं थोडंच होतं? जुन्या गल्लीच्या वळणामागूनही ऐकू येत नाही."

"जुनी गल्ली एकशे तीस अंशांवर आहे," ललिता म्हणाली. "वर्तुळापासून तिथवर जायला जवळजवळ दहा मीटर दालन ओलांडावं लागतं. हजेरी आणि धक्का यांच्यामध्ये पाऊल टाकायलाही वेळ नव्हता, आणि बोलकी धक्क्याबरोबर चालू झाली होती. तो तिकडे गेला असता, तर ब्याण्णवपासून एकशे तीसपर्यंत प्रत्येक पावलाची वारंवारता नोंदीत उमटली असती. पायवाटेसारखी. एकही उमटलेली नाही. चालू बोलकी घेऊन चाळीस मिनिटं नोंद कोरी ठेवायची, तर त्या दालनात एकच जागा आहे, आणि तिथून माणसानं एक पाऊलही हलता कामा नये."

सभागृहात पत्रा तापल्याचा कडकड आवाज झाला.

"ही शांतता त्याच्या विरुद्धचा पुरावा नाही," ती म्हणाली. "तो हलला नाही, याचा हा एवढाच पुरावा आहे."

राजुरकरांनी जबाबाचा कागद आपल्याकडे ओढला आणि उभा फाडला. जयपाल कपाळाला आठी घालून काहीतरी जुळवत होता. ललिताला कळलं तो कुठं चाललाय. पिंजऱ्यात तीही त्याच वाटेनं गेली होती. त्याला अडवायला तिच्यापाशी काही नव्हतं.

"म्हणजे म्या जागा सोडली असती," तो म्हणाला, "भ्यालो असतो, पळालो असतो, तं ऐकू आलं असतं?"

ललितानं मान खाली घातली.

"नरेश म्हणत होता, भाऊजी, जागा नका सोडू. समोरूनच बोला." त्यानं पेन टेबलावर ठेवलं, अगदी काळजीनं, जसं काही ते फुटेल. "पायाखाली त्याचा हात लागे माझ्या टाचेले. म्हणूनसन हललो नाही."

बायकांच्या बाकावरून भागरता उठली. चालत आली ती थेट त्याच्यासमोर येऊन थांबली. पदर तोंडाशी होता, डोळे कोरडे. पंधरा-वीस दिवसांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली, आणि बोलली ते इतक्या हळू की जवळच्यांनाच ऐकू आलं.

"सकाळी जेवले नाही तुम्ही."

जयपालनं मान हलवली. नाही.

मग ती ललिताकडे वळली. दोन्ही हातांत ललिताचा हात घेतला. तिचे तळवे खरखरीत होते, सरपणाच्या ओरखड्यांचे. "बाई, तुमी नसत्या तं हा माणूस तसाच गेला असता," ती म्हणाली. "मीच गिळला असता त्याले. तुमचे उपकार कसे फेडू जी?"

ललिताला हात सोडवून घ्यायचा होता. सोडवता येईना. चेहऱ्यावर काय आणावं तेही कळेना. ती नुसती उभी राहिली, आणि तिला वाटलं की आता इतक्यात हे संपेल, लोक उठतील, कुणीतरी चहा आणेल, आणि मग हे कायमचं आपल्या आत राहील.

तेवढ्यात पाळीच्या बाकावरून गोमाजी उठला. हेल्मेट काखेत होतं ते त्यानं हातात घेतलं. टेबलासमोर येऊन, मधोमध, ताठ उभा राहिला. आणि राजुरकरांच्या नजरेला नजर देऊन आपलं पूर्ण नाव सांगितलं.

"लिहून घ्या, म्याडम. चुना म्या टाकला. कोणी सांगितलं नव्हतं. दोरी लावून, मापूनसन, नेमका तिथंच टाकला. एक हात इकडे टाकला असता तं पोरगा जित्ता असता." त्याचा आवाज फुटला नाही, तो हजेरी देत होता. "बुधवारीच समजलं मले. दोन दिवस हिंमत नाही झाली. सजा जे असन ते मले द्या."

कुणीतरी, मामा, तुमाले कसं माहीत असन, असं पुटपुटलं. गोमाजीनं हातानंच त्याला गप्प केलं. राजुरकरांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं कोरा कागद घेतला, वर तारीख घातली, आणि लिहू लागला: 'मी, गोमाजी'.

आधी जयपाल. आता हा. आपण गप्प बसलो की आपली लाज आपल्याजवळ राहत नाही, ती शेजारच्या माणसाच्या अंगावर जाऊन बसते, हे ललिताला तिथं उभ्या उभ्या दिसलं. तिनं भागरताच्या हातांतून आपला हात काढून घेतला.

"ते लिहू नका," ती म्हणाली.

कारकुनाचं पेन थांबलं. ती गोमाजीच्या बाजूला उभी राहू पाहत होती. मग पुढं झाली, आणि त्याच्या अगदी समोर येऊन थांबली.

"मामा, तुम्ही न विचारता नव्हता टाकला. मला विचारलं होतं, इथून बोललं तर चालेल ना. पट्टी समोरच्यालाच बहिरी आहे, हे मी त्याच्या तीन आठवडे आधी माझ्या हातानं मोजलं होतं. नकाशावर तिथं राखाडी होतं, ते मीच हिरवं केलं. सोमवारी या मॅडम म्हणाल्या, ऐकू आलं नाही तर माणूस तिथं नाही, तेव्हाही मी नुसती मान हलवली. बुधवारी मला काही सापडलं नाही, मामा. तुमचा चुना ओला होता त्या दिवशीच मला माहीत होतं."